अंगण वाकडं आणि दारावरचा शक

(पुण्यात शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

‘नाचता येईना...’ पुढं काय? बघा, अख्खं सभागृह एका आवाजात म्हणालं, ‘अंगण वाकडं’. आठवावं लागलं नाही, जिभेवरच होतं. आता दुसरं घ्या. ‘सकाळी मी स्वारगेटहून...’ कुणी म्हणालं ‘निघालो’, कुणी ‘एसटी पकडली’, मागून ‘रिक्षा केली’ आलं. चॅटजीपीटी, म्हणजे विचारलेल्याला लिहून उत्तर देणारं यंत्र, त्याच्या पोटात चालतं ते साधारण हेच. अफाट मजकुरावरून त्यानं एक गणित बसवलंय: इथवरचं वाक्य असं असेल, तर पुढं काय येण्याचा संभव किती? तोही अख्ख्या शब्दाचा नाही, बरेचदा शब्दाच्या तुकड्याचा. एक तुकडा मांडायचा, पुन्हा गणित, मग पुढचा.

‘कृत्रिम बुद्धिमत्ता’, म्हणजे एआय, हे नाव अमेरिकेतल्या १९५६च्या डार्टमथ परिषदेपासून रुळलं. आजच्या बोलक्या यंत्रांची ट्रान्सफॉर्मर ही रचना २०१७ची, आणि चॅटजीपीटी लोकांच्या हाती आलं नोव्हेंबर २०२२मध्ये. इतिहास एवढा पुरे, कारण मला वाड्याची गोष्ट सांगायचीय.

सातवीला निबंध दिला होता, ‘आमच्या पेठेतला वाडा’. एका मुलीनं फार सुरेख लिहून आणला. वाडा १८१८ साली बांधला, असं त्यात होतं.

“हे साल कुठून आणलंस गं?”

“सर, एआयनं सांगितलं.”

रागावलो नाही. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग घेऊन वाड्यावर गेलो. दाराच्या चौकटीवर गणपती, शेंदराची पुटं चढलेली, त्याखाली काही अक्षरं. घरातल्या आजींनी ओलं फडकं दिलं. पुसल्यावर दिसलं, ‘शके १७८९’. शकाचं इसवी सन करायला पोरांनी ओट्यावर बसून ७८ मिळवले. १८६७!

“मग सर, १८१८ आलं कुठून?”

इतका चांगला प्रश्न मला वर्गात क्वचितच कुणी विचारलाय. पेशवाई संपली १८१८ला. पुणे, वाडा, पेशवे या शब्दांच्या आसपास ते साल असंख्य वेळा छापलं गेलंय. या वाड्याबद्दल मात्र कुणी कधी कुठं लिहिलेलंच नसावं. तेव्हा यंत्रानं बहुधा जिभेवरचं सांगितलं. त्याचं ते ‘अंगण वाकडं’च होतं. फरक एवढाच, की ते ठाम, शुद्ध मराठीत आलं, म्हणून पोरीला खरं वाटलं.

काही यंत्रं आता इंटरनेटवर शोधूनही उत्तर देतात. पण जे तिथं नाहीच, ते शोधणार कुठून? आपल्या गावाचं, आळीचं, आजीच्या बोलीचं कितीतरी असं आहे.

२०२०च्या शैक्षणिक धोरणात एआय हा विषय आलाय, सीबीएसईनं तर २०१९पासून नववीला ठेवलाय. पण वेगळ्या तासाची वाट बघू नका. इतिहासाच्या तासाला करा, मराठीच्या तासाला करा. बंदी घालून काही होणार नाही, मुलं घरी वापरतातच. वापरू द्या, फक्त प्रत्येक माहितीपुढं ‘हे मला कसं कळलं’ ते लिहायला लावा. आणि मुलांची नावं, फोटो, निकालपत्रकं त्यात टाकायची नाहीत, हे तुम्हीही पाळा.

त्या मुलीनं निबंध पुन्हा लिहिला. साल बदललं आणि खाली एक ओळ घातली: ‘हे मी स्वतः दारावर वाचलं, आजींच्या फडक्यानं पुसून.’