डोमकळी ओळखणारं मशीन
(विदर्भातल्या वावरातून एआयची सुरुवात: लघुमाहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: यवतमाळ जिल्हा. ऑगस्टअखेरची सकाळ, कपाशीचं वावर. कॅमेरा एका फुलावर थांबतो.)

निवेदन: कपाशीचं फूल उमलतं तेव्हा फिक्कट पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. हे फूल मात्र उमललेलंच नाही. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या गुंडाळल्या गेल्यात. आत गुलाबी बोंडअळी आहे, तिनंच त्या रेशमी धाग्यानं बांधून टाकल्यात. शेतकरी हिला डोमकळी म्हणतात. सत्तरी ओलांडलेल्या या आबाजींना ती धुऱ्यावरून दिसते.

त्यांची नात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला एआय (कृत्रिम बुद्धिमत्ता) शिकायचं आहे. कुठून सुरुवात करावी, हे विचारत ती गावभर फिरली नाही. तिनं एकच प्रश्न धरला: आबाजींना जे दिसतं, ते मशीनला दिसेल का?

(दृश्य: काठीला टांगलेला कामगंध सापळा, खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत मेलेले पतंग.)

निवेदन: वावरात आधीपासून एक नियम आहे. मादीच्या गंधानं बोंडअळीचे नर पतंग ओढणाऱ्या या सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, की फवारणीचा विचार करायचा. हा नियम शास्त्रज्ञांनी ठरवला, शेतकऱ्यानं पाळायचा. संगणकालाही बरीच वर्षं असंच शिकवलं जायचं: असं असेल तर असं कर. पण डोमकळीचा नियम लिहून बघा. पाकळ्या किती मिटलेल्या? सावलीत असेल तर? अर्धी पानाआड असेल तर? लिहितालिहिता वही संपते.

एआयमधल्या मशीन लर्निंग या पद्धतीचा रस्ता उलटा आहे. नियम द्यायचाच नाही. उदाहरणं द्यायची, उत्तरं द्यायची आणि नियम मशीनला शोधू द्यायचा. आयबीएममध्ये काम करणाऱ्या आर्थर सॅम्युएल यांनी १९५९ साली चेकर्सच्या, म्हणजे पटावरच्या सोंगट्यांच्या, खेळावर मशीन स्वतःहून शिकू शकतं हे दाखवलं. खेळता खेळता त्यांचा प्रोग्रॅम सुधारत गेला. 'मशीन लर्निंग' हे नाव त्यांच्यामुळेच रूढ झालं.

इतिहास एवढा पुरे. आता मुद्द्याचं बोलू.

(दृश्य: लॅपटॉपच्या पडद्यावर पानांचे फोटो, सगळे करड्या पार्श्वभूमीवर, एकेक पान सुटं.)

निवेदन: पिकांचे रोग ओळखण्यासाठी जगभरचे विद्यार्थी ज्या फोटोसंग्रहावर सराव करतात, त्याचं नाव प्लँटव्हिलेज. ५४,३०६ फोटो, १४ पिकं. २०१६ साली त्यावर शिकवलेल्या मॉडेलनं, म्हणजे उदाहरणांवरून शिकून तयार झालेल्या प्रोग्रॅमनं, ९९.३५ टक्के उत्तरं बरोबर दिली. आकडा वाचून वाटेल, संपलं की काम.

पण मग त्याच संशोधकांनी दुसरीकडून आणलेले, वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो मॉडेलला दाखवले. अचूकता उतरली ३१ टक्क्यांच्या आसपास. आणि २०२२ साली एक अभ्यास आला. त्यात पानाकडे पाहिलंच नाही. फोटोच्या पार्श्वभूमीतले फक्त आठ पिक्सेल, म्हणजे आठ बारीक ठिपके, घेतले, तरी ४९ टक्के उत्तरं बरोबर निघाली. म्हणजे मागच्या कागदाचा रंग आणि उजेडच रोगाचं नाव सांगत होता. मशीन खोटं बोलत नव्हतं. त्याला जे सोपं दिसलं, ते त्यानं पकडलं.

आणि आता आपल्या कामाची गोष्ट. त्या १४ पिकांत कपाशी नाहीच. सोयाबीन आहे, पण फक्त निरोगी पानं. पिवळा मोझॅक नाही, काही नाही. संत्रं आहे, तर त्याचा एकच रोग. वरुड-मोर्शीचा संत्रा बागाईतदार हे ऐकून हसेल. विदर्भाच्या पोरांनी आयता डेटा उतरवून घेऊन एआय शिकायचं ठरवलं, तर ती सफरचंदाचे रोग ओळखायला शिकतील.

म्हणून या पोरीनं फोन घेतला आणि वावरात गेली.

(दृश्य: मुलगी फुलाचा फोटो काढते आहे. आबाजी शेजारी उभे. मागून बाबा येतात.)

मुलगी: आबाजी, हे डोमकळीच हाय ना?

आबाजी: हाव. पाय ना, उमलूनच नाही रायलं ते.

बाबा: नाही जी. रातच्या पावसानं चिपकलं ते.

निवेदन: मशीन लर्निंगमधला सगळ्यात अवघड भाग कोडमध्ये नसतो, इथे असतो. प्रत्येक फोटोला नाव द्यावं लागतं. त्याला लेबल म्हणतात. लेबल चुकलं, तर मशीन ती चूक मन लावून शिकतं. इथे तर घरातले दोन जाणकारच एकमेकांशी सहमत नाहीत. मग करायचं काय? फोटो काढून झाला की फूल तोडायचं, पाकळ्या उलगडायच्या, आणि अळी दिसली तरच 'डोमकळी' लिहायचं.

(दृश्य: आबाजी अंगठ्यानं पाकळ्या उलगडतात. आत अळी नाही.)

आबाजी: पावसाचंच निंगालं बाप्पा.

निवेदन: हा क्रम महत्त्वाचा: आधी फोटो, मग उलगडणं, मग लेबल. मोठमोठ्या कंपन्या लेबल लावायला माणसं नेमतात. गावात ती माणसं फुकट आहेत आणि त्यांच्याइतकं कपाशीचं ज्ञान कंपनीकडे नाही. आमच्या मते, खेड्यातल्या विद्यार्थ्याची खरी आघाडी हीच आहे.

(दृश्य: तालुक्याच्या गावातलं वाचनालय. संगणकावर फोटोंचे दोन गट.)

निवेदन: पहिलं मॉडेल बनवायला तिनं कोड लिहिला नाही. गूगलचं टीचेबल मशीन नावाचं फुकट साधन ब्राउझरमध्येच चालतं. एका खान्यात डोमकळीचे फोटो, दुसऱ्यात चांगल्या फुलांचे, बटण दाबायचं. थोड्या वेळात मशीन शिकतं. इतकं झटपट कसं? कारण ते शून्यापासून सुरू करत नाही. कडा, रंग, पोत ओळखायला ते आधीच शिकलेलं असतं, इमेजनेट नावाच्या संग्रहातल्या सुमारे १२ लाख फोटोंवरून. आपण फक्त शेवटचा टप्पा शिकवतो. म्हणून काहीशे फोटोंत काम भागतं.

आता चाचणी. नवशिके इथेच फसतात. एकाच फुलाचे चार बाजूंनी चार फोटो काढले, तीन शिकवायला वापरले, चौथा परीक्षेला ठेवला. मशीन पास होणारच, प्रश्न फुटलेला आहे! खरी परीक्षा म्हणजे वेगळं वावर, वेगळं वाण, वेगळी वेळ. तिनं शिकवायला घरचं आणि चुलत्याचं वावर घेतलं, परीक्षेला शेजारच्या गावचं. ते फोटो तिनं शिकवताना मशीनला एकदाही दाखवले नाहीत.

आणखी एक सापळा आहे, कामगंध नसलेला. समजा १०० फुलांत पाच डोमकळ्या आहेत. एखादं मॉडेल काहीही न पाहता 'सगळं ठीक' म्हणत सुटलं, तरी ते ९५ टक्के बरोबर. म्हणून एकट्या अचूकतेच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. खऱ्या डोमकळ्यांपैकी किती सापडल्या? आणि ज्यांना डोमकळी म्हटलं, त्यांतल्या किती खऱ्या निघाल्या?

(दृश्य: पाठीवरचा फवारणी पंप, टांगलेला. कोणी माणूस नाही.)

निवेदन: हा हिशेब कागदावरचा नाही. २०१७ साली राज्यात गुलाबी बोंडअळीनं कपाशी फस्त केली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. मशीनची एक चूक अळी निसटू देते. दुसरी चूक माणसाच्या पाठीवर विनाकारण पंप चढवते. त्यामुळे शिकताना बनवलेलं मॉडेल हे शिकण्यापुरतंच. फवारायचं की नाही, हे सापळा, बोंडं आणि कृषी विभागाचा माणूस यांना विचारूनच.

सापळ्यातले पतंग फोनच्या फोटोवरून मोजण्याचं काम वाधवानी एआय या संस्थेनं खरोखर करून दाखवलं आहे. तिथे कीटकशास्त्रज्ञ आणि प्रोग्रॅमर एकत्र बसतात. आपली सुरुवात त्याच दिशेची, पण फार लहान.

(दृश्य: जिनिंग. कपाशीचा ढीग, रुईच्या गाठी.)

निवेदन: "पण मॅडम, मला गणित जमत नाही." हे वाक्य आम्ही गावोगाव ऐकलं.

जिनिंगमध्ये या. एक क्विंटल कपाशीतून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी. याला रुईचा उतारा म्हणतात. आडव्या अक्षावर कपाशीचं वजन, उभ्या अक्षावर रुईचं वजन घ्या. प्रत्येक गाडीचा एक ठिपका. ठिपके बरोबर रेषेत बसणार नाहीत. कुठे ओल, कुठे किडका, कवडी कापूस. तरी त्यांच्यामधून एक रेषा काढता येते, अशी की ठिपक्यांपासूनच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी होईल. फ्रेंच गणिती लजांद्र यांनी ही रीत १८०५ मध्येच छापली होती. त्या रेषेचा चढ म्हणजेच उतारा, आणि तो डेटातून शोधणं म्हणजे मशीन लर्निंग. दहावीच्या बीजगणितातली रेषीय समीकरणं, संभाव्यता आणि सांख्यिकी एवढ्यावर हे कळतं.

फोटो ओळखणाऱ्या मॉडेलमध्येही त्या रेषेच्या चढासारखेच आकडे असतात, फक्त एक-दोन नव्हे. फोनवर चालावं म्हणून २०१७ साली मुद्दाम छोटं बनवलेलं मोबाइलनेट घ्या, त्यात सुमारे ४२ लाख. चूक मोजायची, प्रत्येक आकडा जरासा सरकवायचा, पुन्हा चूक मोजायची. कृती एवढीच, पण लाखो वेळा.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर पायथन कोड. लाईन जाते, पंखा थांबतो.)

निवेदन: कोड पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहायचा. गूगल कोलॅब ब्राउझरमध्ये उघडतं आणि हिशेब दूरच्या संगणकावर होतो, म्हणून जुना लॅपटॉपही चालतो. फोनवरही उघडतं, पण टाइप करताना जीव मेटाकुटीला येतो. आठवड्यातून दोन दिवस का होईना, कीबोर्ड मिळवा. सायकिट-लर्न या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, ती रुईची रेषा चार-पाच ओळींत निघते. एरर आली की चॅटबॉटला मराठीतून विचारा, तो समजावतो. फक्त त्यानं दिलेला कोड न वाचता चिकटवू नका, कारण तो चुकीचं उत्तरही तेवढ्याच ठामपणे देतो.

कोर्सेसबद्दल थोडक्यात. आयआयटी मद्रासचे प्राध्यापक बलरामन रवींद्रन यांचा मशीन लर्निंगचा अभ्यासक्रम एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणमंचावर फुकट आहे; पैसे लागतात ते फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला. तो जरा जड आहे. त्याआधी कॅगल या संकेतस्थळावरचे छोटे धडे करा, तेही फुकट. इंग्रजीचा अडसर आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण एकदा वावरातल्या फोटोंवर 'ट्रेन' (शिकवणं) आणि 'टेस्ट' (परीक्षा) म्हणजे काय हे हातानं केलेलं असलं, की तेच शब्द व्याख्यानात ओळखीचे वाटतात. आणि तीन महिन्यांत एआय तज्ज्ञ बनवू म्हणत कपाशीचे निम्मे पैसे मागणारा क्लास दिसला, तर दारातूनच परत फिरा.

(दृश्य: शेजारच्या गावचं वावर. मुलगी वहीत नोंद करते: तारीख, वेळ, वाण, उजेड.)

निवेदन: शेजारच्या गावच्या फोटोंवर तिचं मॉडेल घरच्यापेक्षा बरंच जास्त चुकलं. तिनं चुकलेले फोटो वेगळे काढले. बहुतेक संध्याकाळचे निघाले. तिनं शिकवायला घेतलेले फोटो सगळे सकाळचे होते. आता ती दिवेलागणीच्या आधीही वावरात जाते, आणि बाबा विचारतात, "काऊन वं, आता कोणतं फूल राह्यलं?"

ज्यांना तिच्यासारखी सुरुवात करायची आहे, त्यांनी हंगाम बघावा. डोमकळ्या कपाशी फुलावर आल्यावरच मिळतील, म्हणजे साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. तो हुकला, तर थंडीत तुरीच्या शेंगा आणि घाटेअळी आहे. संत्र्याच्या पट्ट्यात असाल, तर आंबिया किंवा मृग, जो बहार हाताशी असेल तो घ्या. उन्हाळ्यात वावर रिकामं असतं. तेवढ्यात पायथन आणि रुईची रेषा उरकून घ्या. आणि फोटो काढतानाच वहीत तारीख, वेळ, वाण लिहा. नंतर आठवत नाही.