ठासणीची बंदूक: चकमकीची की इनलाइन?

कोकणातली मंडळी बसलीयत समोर, त्यांना ठासणीची बंदूक काय ते मी सांगायला नको, डुकरं-माकडं हाकलायला शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर कुणाच्या तरी घरी असतेच. नळीच्या तोंडातून दारू, मग गोळी, गजाने ठासायचं, एक बार, की पुन्हा पहिल्यापासून. तिकडे हरणावर बार टाकला तर तुरुंग, पण आपल्या या पेनसिल्व्हेनियात व्हाइटटेलचा, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा, शिकारीचा रीतसर सीझन असतो, आणि नाताळ झाला की ठासणीचा जो सीझन लागतो ना तो फक्त चकमकीवाल्या बंदुकीचा, १९७४ पासून.

आता चकमकीची गंमत ऐका. चाप ओढला की घोड्यातली गारगोटी पोलादावर आपटते, ठिणग्या बाहेरच्या वाटीतल्या रंजकावर, म्हणजे पेटवायच्या चिमूटभर दारूवर, पडतात, तो जाळ बारीक भोकातून आत जातो आणि मग कुठे नळीतली दारू पेटते. हे सगळं क्षणात होतं, पण डोळ्यासमोर भपकन जाळ झाला की माणूस दचकतो आणि गोळी जाते झाडात, म्हणून जाळ झाल्यावरही नेम धरूनच ठेवायचा. पहिल्या वर्षी बर्फ भुरभुरत होता, माझं रंजक ओलं झालेलं, नुसतं फुस्स. हरीण मान वर करून माझ्याकडे बघत राहिलं, मग आरामात गेलं निघून.

आता दुसरी, इनलाइन. १९८५ ला अमेरिकेतल्याच मिझुरी राज्यातल्या टोनी नाइटने एमके-८५ नावाची इनलाइन बंदूक आणली, एमके ही त्याच्या मुलीची आद्याक्षरं. इनलाइन आधीही झाल्या होत्या पण खपली ती ही. पेटवणारी टोपी थेट दारूच्या मागे, नळीच्या रेषेत, म्हणून इनलाइन. पुढे त्या टोपीच्या जागी शॉटगनचा २०९ प्रायमर आला, दारूच्या तयार गोळ्या आल्या, प्लास्टिकच्या कपात बसणारी टोकदार गोळी आली, वर दुर्बीण. माझ्या चकमकीच्या बंदुकीतली शिशाची गोल गोळी, ५० कॅलिबरची, जेमतेम साडेअकरा ग्रॅम, तिचा वेग पटकन मरतो, पाऊणशे यार्डांपुढे मी तरी बार टाकत नाही. इनलाइनवाले दीडशेवर सहज टाकतात. माझ्या मते ती तोंडातून भरायची साधी रायफलच झाली, आणि वेगळा सीझन दिला तो जवळ जायची मेहनत घ्यायची म्हणून ना? कोलोरॅडोने ठासणीच्या सीझनला दुर्बीण, प्लास्टिकचा कप, दारूच्या तयार गोळ्या, तिन्ही बंद ठेवल्यात, मला ते पटतं.

पण एक मान्य करतो, नेम चुकून जखमी हरीण झाडीत गेलं तर त्याच्यासारखं वाईट काही नाही, म्हणून नवशिक्याने खुशाल इनलाइन घ्यावी.

साफसफाईचं विचाराल तर काळ्या दारूची राख ओल धरते, नळी गंजते, त्याच रात्री गरम पाण्याने धुवायची. आमच्याकडे सिंकमध्ये धुतो, घरभर सडक्या अंड्याचा वास, आणि बायको विचारते, हरीण कुठाय?