उसाच्या फडातली दोन भुते

नमस्कार, श्रोतेहो.

निफाडकडच्या माणसाला उसाच्या फडाची भीती वाटायला भुताची गरज नसते. तोडणी सुरू झाली की फडात बिबट्याचे बछडे सापडल्याच्या बातम्या येऊ लागतात, आणि दिवेलागणीनंतर बांधावरून जाणारा मोटारसायकलस्वार समोर कोणी नसतानाही हॉर्न वाजवत जातो. त्यामुळे २०१७ च्या जुलैमध्ये नाशकात ‘लपाछपी’ पाहताना, पडद्यावर पाचट सळसळले, तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी पुटपुटले, “आता बिबट्या निघतो बघ.” चार जण हसले, ते हसू मध्यंतरापर्यंत काही टिकले नाही.

विशाल फुरिया यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट त्यांनीच २०२१ मध्ये ‘छोरी’ या नावाने हिंदीत पुन्हा केला. गोष्ट तीच आहे: नवऱ्याच्या डोक्यावर कर्ज, आठ महिन्यांची गरोदर बायको, आणि दोघांना आडोशाला म्हणून उसातल्या एकाकी घरात घेऊन येणारा ड्रायव्हर. पूजा सावंतच्या जागी नुसरत भरूचा आली आणि छायाचित्रण अधिक श्रीमंत झाले. पण माझ्या मते खरा फरक पडला तो त्या घरातल्या बाईमुळे.

मराठीत ती तुळसाबाई आहे आणि ती उषा नाईक यांनी केली आहे. ती सुनेच्या वयाच्या पोरीची काळजी घेते, तिला चार गोष्टी सुनावते, नवऱ्याशी कसे वागावे हे शिकवते. आणि हे सगळे आपण आपल्याच चुलत्यांच्या ओसरीवर इतक्यांदा ऐकलेले असते की त्यात काही वावगे आहे हे लक्षात यायलाच उशीर होतो. हिंदीतल्या मीता वशिष्ठ फार ताकदीच्या अभिनेत्री आहेत, परंतु त्यांची भन्नो देवी मला पहिल्या भेटीतच धोक्याची वाटली. जिच्यावर विश्वासच बसला नाही, तिने केलेल्या दग्याचा धक्का तरी किती बसणार?

नावातही हेच झाले आहे. ‘लपाछपी’ हा उसात खेळणाऱ्या मुलांचा खेळ, आणि त्याच नावाआड स्त्री-भ्रूणहत्येचा विषय लपलेला. ‘छोरी’ हे नाव मात्र तो विषय दारातच सांगून टाकते. (इतक्या वर्षांनी मी रहस्य फोडले, असा बोल कोणी लावणार नाही, असे धरून चालतो.) शिवाय कथा उत्तरेत गेली की मराठी प्रेक्षकाला सुटल्यासारखे वाटते. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे हरियाणात ८३४ मुली होत्या, हे आपण चटकन सांगतो. महाराष्ट्रात त्या ८९४ होत्या, हे सांगताना आवाज खाली येतो. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा आपल्या राज्याने १९८८ मध्ये, केंद्राच्या सहा वर्षे आधी केला, आणि तरीही हा आकडा. ‘लपाछपी’ने तो फड आपल्याच शिवारात ठेवला होता.

हिंदी चित्रपट ओटीटीवर आला, म्हणून मी तो घरी पाहिला. दोनदा थांबवला; एकदा चहा टाकला, एकदा अंगणातला दिवा लावून आलो. चित्रपटगृहात मात्र पूजा सावंत त्या फडात शिरली तेव्हा शेजारच्या आजींनी, ओळखपाळख नसताना, माझे मनगट धरले होते.