बुरुजाला पोट येतं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. साताऱ्यात राहून अजिंक्यताऱ्याकडे मान वर करून न पाहणारा माणूस विरळा. एप्रिल १७०० मध्ये औरंगजेबाच्या फौजेने इथल्या मंगळाई बुरुजाखाली सुरुंग उडवले. पहिल्या स्फोटात किल्ल्यातले लोक दबले. दुसऱ्यात तट बाहेरच्या अंगाला ढासळला, तो थेट हल्ल्याच्या तयारीत उभ्या मोगलांवरच. आता सुरुंग गेले, पण पाणी, पिंपळ आणि, राग मानू नका, सिमेंट आहेच.

जुना बुरूज बहुधा आतून सलग दगडाचा नसतो. बाहेर घडीव दगडांचं कवच, आत दगड, माती, चुन्याची भर. माथ्याला भेग पडली की पावसाचं पाणी भरीत उतरतं, चुना धुऊन नेतं. सैल झालेली भर खाली बसते आणि कवचाला बाहेर रेटते. यालाच भिंतीला पोट येणं म्हणतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला बसला तसा हादरा अशा भिंतीला सोसत नाही.

मग उत्साही मंडळी वर्गणी काढून सांधे सिमेंटने लिंपतात. आपला काळा पाषाण पाणी फारसं शोषत नाही. भिंतीतली ओल बाहेर पडते ती मुख्यतः सांध्यांतल्या चुन्यातून. तीच वाट बुजवली की पाणी आत कोंडतं आणि पोट वाढतच जातं. वरून मात्र काम झकास दिसतं!

खरी दुरुस्ती माथ्यापासून सुरू होते: पन्हळी मोकळ्या करा, भेगा चुन्याने बुजवा. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ठेवा. तडकली, तर भिंत अजून हलते आहे. पिंपळ उपटू नका, मुळांबरोबर दगड येतात. तो कापून मूळ जागेवरच मारावं लागतं. पोट फार आलं असेल तर दगडांना नंबर टाकून ते उतरवायचे, भर नव्याने बसवायची, कवच आणि भर बांधून ठेवणारे लांब दगड घालत पुन्हा रचायचं.

चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळ किती, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मला विचाराल तर चुना किती मुरला आणि वाळू किती धुतली, हे आधी पाहा.

काम दिवाळीनंतर काढावं, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो आणि तोवर त्याला ओल्या पोत्यांखाली ठेवावं लागतं. किल्ला संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीचा अर्ज पावसाळ्यातच टाका.