व्हॉक्सहॉलची संध्याकाळ, भिंगाखाली

श्रोतेहो, नमस्कार. आजचं मुद्राचित्र, म्हणजे पत्र्यावरच्या खाचांत शाई भरून कागदावर छापलेलं चित्र, आहे ‘व्हॉक्सहॉल गार्डन्स’, प्रकाशन १७८५. थेम्सच्या दक्षिण काठावरची ही बाग. एक शिलिंग मोजला की आत गाणं-बजावणं, दिव्यांची रोषणाई, आणि हॅमच्या चकत्या, त्याही इतक्या पातळ की लंडनकर त्यांची टिंगल करत.

मूळ चित्र टॉमस रोलंडसनचं. तांब्याच्या पत्र्यावर मात्र दोघांचे हात फिरले: रेघा रॉबर्ट पोलार्डच्या, छटा फ्रान्सिस ज्यूक्सच्या.

रेघेचं काम समजायला सोपं. पत्र्यावर मेणाचा लेप, त्यावर सुईने चित्र, मग पत्रा अम्लात. लेप खरवडला गेला तिथेच तांबं खाल्लं जातं. छटेसाठी, म्हणजे ॲक्वाटिंटसाठी, पत्र्यावर राळेचे बारीक दाणे बसवतात. अम्ल दाण्यांच्या मधल्या फटीत शिरतं. पांढरं राहायचं तेवढं आधी वार्निशने झाकायचं, पत्रा थोडा वेळ बुडवायचा, त्यापुढची फिकी छटा झाकायची, पुन्हा बुडवायचा. सगळ्यात गडद झाडी शेवटपर्यंत अम्ल सोसते. राळेची भुकटी तापवून चिकटवताना आच जास्त झाली तर दाणे एकमेकांत वितळतात, अम्ल पोचत नाही आणि डाग फिके उमटतात. आच कमी पडली तर दाणे अम्लात सुटतात.

म्हणून ठसा, म्हणजे छापलेली प्रत, हाती आला की माणसांकडे नंतर वळा. दहापट भिंगातून आधी झाडी बघा. अनियमित, जाळीदार कण दिसले तर ॲक्वाटिंट. ओळीने मांडलेले ठिपके दिसले तर ती छापखान्यातली नक्कल. ॲक्वाटिंटची खोली उथळ, त्यामुळे छपाई वाढत गेली की आधी छटा झिजते, रेघा टिकतात. झिजलेल्या ठशावर हाताने रंग चढवून उणीव झाकलेली असू शकते, तेव्हा नुसत्या रंगावर भाळू नका.

आता माणसं. डावीकडे सज्जात श्रीमती वाइखसेल गातायत. खालच्या कक्षात जेवायला बसलेले लेखक डॉ. जॉन्सन आणि गोल्डस्मिथ, असं परंपरेने सांगतात. गोल्डस्मिथ तर १७७४ मध्येच वारला होता! मध्यभागी डेव्हनशायरची डचेस बहिणीसोबत. उजवीकडे इंग्लंडचा युवराज अभिनेत्री मेरी रॉबिन्सनच्या कानाशी लागलाय, आणि तिने हात धरलाय नवऱ्याचा. गाण्याकडे लक्ष आहे ते किती जणांचं, हे सावकाश मोजून बघा.