बरणीला झालेला विटाळ

(नौपाड्यातल्या एका सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, अध्यक्षांनी ‘विटाळ या शब्दाचा अर्थ आणि उगम’ असा विषय जाहीर केला आणि मागच्या रांगेतले दोघे उठून बाहेर गेले. चहाला गेले असतील असं धरून चालतो. (हशा) पाऊण तास आहे. नंतर इथे भजन आहे, पेटी-तबला कोपऱ्यात येऊन पडलाय. तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो. म्हणजे लोणच्यावर.

आम्ही उथळसरला चाळीत राहायचो. मे महिन्यात आजी कैरीचं लोणचं घालायची. चिनी मातीची बरणी, तोंडाला करकचून बांधलेला पांढरा दादरा, आणि मुक्काम देवाच्या फळीखाली. ‘कावळा शिवला’ की घरातल्या बाईनं चार दिवस तिकडे फिरकायचं नाही. मी आठ वर्षांचा. दुपारी सगळे आडवे झाले की दादरा सोडायचा, एक फोड खायची, चमचा धुवायचा, झटकायचा आणि दुसऱ्या फोडीसाठी पुन्हा आत घालायचा. स्वच्छतेची मला फार आवड! (हशा) मग दादरा कसाबसा गुंडाळून पसार.

आषाढात लोणच्यावर पांढरी बुरशी धरली. आजीनं जागेवरूनच निकाल दिला, “विटाळ झाला.” कुणाचा? तर आत्याचा. ती तेव्हा कॉलेजात होती. म्हणाली, “मी तिकडे गेलेच नाही.” आजी म्हणाली, “सावली पडली असेल.” अख्खी बरणी उकिरड्यावर गेली. आत्या दोन दिवस जेवली नाही. मी गप्प.

लोणचं टिकतं ते मिठावर आणि तेलाच्या थरावर. ओला चमचा गेला की तेवढ्या जागचं मीठ पातळ होतं आणि बुरशीला घर मिळतं. हे मला बारावीत कळलं. आत्याला मी आजवर सांगितलेलं नाही. ती दुसऱ्या रांगेत बसली आहे. (हशा, टाळ्या)

जाता जाता, ‘कावळा शिवला’ मधलं शिवणं आणि शिंप्याचं शिवणं एक नव्हे. शिंप्याचं संस्कृत ‘सीव्यति’वरून आलं, कावळ्याचं प्राकृत ‘छिव’वरून. छिव म्हणजे स्पर्श करणं. पोरांची शिवाशिवी यातलीच. त्या खेळात निदान प्रत्येकावर राज्य येतं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरतोय. विटाळ हा ‘विष्ठा’वरून आला, म्हणजे मूळ कल्पना आरोग्याची, पूर्वजांना जंतू ठाऊक होते वगैरे. दुसरे कुणी ‘विटणे’कडे बोट दाखवतात. दोघांनाही शब्दात घाण हवी आहे. पण बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र या जैन पंडितानं व्याकरण लिहिलं, त्यात अपभ्रंश नावाच्या जुन्या भाषेतला ‘विट्टाल’ हा शब्द येतो. तो कशाच्या बदली वापरतात? तर ‘अस्पृश्यसंसर्ग’. बस. मळ नाही, रोग नाही, दुर्गंधी नाही. कुणाचा स्पर्श, एवढंच. खाली दोहा दिलाय तो शंखांचा: रत्नाकर सोडून किनाऱ्यावर येऊन पडतात, मग भलत्यासलत्यांच्या तोंडी लागून फुंकले जात हिंडतात. विटाळाचा दाखला म्हणून शंख! आपण तो देवापुढे ठेवतो.

म्हणूनच भेसळ वेगळी आणि विटाळ वेगळा. दुधात पाणी घातलं तर भेसळ. तेच निर्भेळ दूध कुणी नुसतं शिवलं तर विटाळ. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. नंतर सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ केलं. कशानं? शेण, गोमूत्र, दूध, दही असलेल्या १०८ घागरींनी. माझा धुतलेला चमचा आठवा.

सोयराबाईवर पंधरा मिनिटं बोलायचं होतं. चोखोबांच्या या बायकोनं चौदाव्या शतकात विचारलं की देहाचा विटाळ देहातच जन्मला, तर सोवळा झाला कोण? विटाळावाचून उत्पत्तीचं ठिकाण कुठलं? आजीला हा अभंग पाठ होता. ती तो देवाच्या त्याच फळीसमोर म्हणायची.

भजनवाले दारात आले, थांबतो. आत्या काहीतरी म्हणतेय... माईक द्या तिच्याकडे. काय? ...ती म्हणतेय, “तुला कुठे गाठ मारता यायची मेल्या? दादरा रोज मीच बांधायचे.”