घास गिळण्याआधी तोंडात काय घडतं?

नमस्कार मंडळी. (दोन वाट्या कॅमेऱ्याजवळ) या दोन्ही वाट्यांत एकाच पातेल्यातली कॉर्नफ्लॉवरची खळ आहे. दाट, कोमट, चमच्यावरून सावकाश ओघळणारी. या वाटीत मी चमचाभर पाणी घालतेय आणि या दुसरीत चमचाभर लाळ. हो, माझीच. किळस वाटू देऊ नका, आपल्या प्रत्येक घासात हीच कालवलेली असते. दोन्ही नीट ढवळल्या. आता बोलणं होईपर्यंत राहू द्या बाजूला.

तोवर डोळ्यांसमोर कैरीची फोड आणा, तिखट-मीठ लावलेली. कानापुढे, जबड्यापाशी शिरशिरलं ना? तिथे आपली सगळ्यात मोठी लाळग्रंथी असते. गालगुंड झाल्यावर सुजते ती हीच. आता जिभेचं टोक गालाच्या आतून, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर फिरवा. बारीकसा उंचवटा लागेल. तिथे या ग्रंथीची नळी उघडते. १६६० मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला मेंढीचं डोकं चिरून अभ्यासताना निल्स स्टेन्सन या डॅनिश तरुणाला ती सापडली. याशिवाय जबड्याखाली एक जोडी, जिभेखाली एक, आणि बारीक ग्रंथी तर शेकड्यांनी. सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात.

मला तिचं मोल कळलं ते आजीमुळे. जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्लेली बाई. मध्यंतरी तिच्या ताटात अर्धी भाकरी तशीच राहायला लागली. "घास नुसता तोंडात फिरतो गं, खाली उतरत नाही," म्हणायची. आम्हाला वाटलं कवळी बोचतेय. कवळी दुरुस्त करून आणली, भाकरीला तूप लावलं, उपयोग शून्य. एकदा मी टॉर्च लावून तिचं तोंड पाहिलं. जीभ कोरडी ठाक, वर चिरा पडलेल्या. लघवीला सारखं लागतं म्हणून सुरू केलेल्या गोळीमुळे तोंडाला कोरड पडत होती. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी औषध बदललं.

अ‍ॅलर्जीच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनीही असंच होतं. घरात कुणी वयस्कर माणूस प्रत्येक घासाला पाणी मागत असेल, तर डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

आजी तेव्हा म्हणायची, "भाजीला चवच नाही." तेही खरंच होतं. पदार्थ लाळेत विरघळला तरच जिभेला त्याची चव कळते. स्वच्छ रुमालाने जीभ अगदी कोरडी पुसा आणि चार दाणे साखर ठेवा. क्षणभर ते नुसते खडे वाटतात. लाळ पोचली की गोडी लागते.

लाळेत जवळपास ९९ टक्के पाणीच असतं. उरलेल्या टक्क्यात म्युसिन असतं, ज्याने घास बुळबुळीत होऊन घशाखाली सरकतो. आम्लाचा जोर कमी करणारे क्षार असतात, आणि दातांना लागणारं कॅल्शियम असतं. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणून रात्रीचा ब्रश चुकवू नये.

आणि असतं अमायलेज. शिजलेल्या पिष्टाच्या, म्हणजे भातातल्या किंवा या खळीतल्या स्टार्चच्या, लांब साखळ्या तोडून ते त्यांची साखर करतं. लाळेने पिष्टाची साखर होते हे जर्मनीतल्या एर्हार्ड लॉयक्सने १८३१ मध्येच दाखवलं होतं. नुसता भात मिनिटभर चावत राहिलं की गोडसर लागतो तो यामुळेच. जठरातल्या आम्लात अमायलेज निकामी होतं. पण घासाच्या आतवर आम्ल मुरेपर्यंत तिथेही त्याचं काम चालू राहतं. म्हणून तर मला पाण्याच्या घोटाबरोबर ढकललेल्या घासाचं वाईट वाटतं. पाणी प्यायला हरकत नाही, पण आधी घास चावून लाळेत भिजू द्या.

चला, वाट्या बघू. (पहिली तिरकी करून) पाण्याची वाटी. खळ तशीच दाट, हलायला तयार नाही. (दुसरी) आणि ही बघा, ताकासारखी वाहतेय! आता दोन्हींत आयोडीनचा एकेक थेंब टाकते. पाण्याची वाटी निळीकाळी झाली, म्हणजे पिष्ट जिथल्या तिथे आहे. लाळेच्या वाटीत थेंब पडला तसाच, पिवळसर तपकिरी.